टोमॅटोची रोपं आणि एप्रिलची फसवी ऊब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यावरचा तुमचा हा पहिलाच वसंत. मार्चमध्ये खिडकीत टोमॅटोचं बी टाकलंत, रोपं छान वाढली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस पंचाहत्तर फॅरनहाइट, म्हणजे चोवीस अंश सेल्सिअस ऊन पडलं, म्हणून बाराही रोपं परसात लावून टाकलीत. चौथ्या रात्री फोन ३६ फॅरनहाइट दाखवत होता. शून्याच्या वरच आहे, तरी काळजी म्हणून ड्रायक्लीनिंगच्या कपड्यांवरचं पातळ प्लास्टिक प्रत्येक रोपावर घालून खाली बुंध्याशी दोरीने बांधलंत. सकाळी पाच रोपं काळी पडलेली, चारांच्या पानांवर पांढरे चट्टे, तिघांची पानं खालून जांभळी. हिम (दव गोठवणारी थंडी, फ्रॉस्ट) पडणारच नव्हतं तर रोपं गेली कशी, उरलेली वाचतील का, आणि आता पुढे काय करू, हे तुम्ही विचारलंय.

आपल्याकडे महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. शिकागोच्या थंडीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. ती एप्रिलमध्ये जाते, परत येते, मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा डोकावते. मी जुन्नर तालुक्यातली, माहेरी रोपवाटिका होती, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणाऱ्या घरात वाढले. इथे बावीस वर्षं झाली, आणि दर मे महिन्यात माझ्या गॅरेजमधून तीनेकशे रोपं ओळखीपाळखीत जातात. तरी पहिल्या वर्षी मी अगदी तुमच्यासारखंच केलं होतं, फक्त माझी रोपं चोवीस होती.

तुमच्या बारा रोपांना एकच रोग झालेला नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात. काळी, ओलसर, शिजवलेल्या पालकासारखी लोंबणारी पानं म्हणजे हिमाचा मार. पानातलं पाणी गोठलं, पेशी फुटल्या, ऊन लागल्यावर त्या गळाल्या. पांढरे, कागदासारखे कोरडे चट्टे थंडीचे नव्हेत, ते उन्हाचे. खिडकीच्या काचेआड वाढलेल्या पानाला बाहेरच्या उघड्या उन्हाची सवयच नव्हती, पहिल्या दोन-तीन दिवसांतच ते भाजलं. ती इजा तुम्ही ज्या दिवसांना चांगले म्हणताय त्याच दिवसांत झाली, दिसली उशिरा. आणि जांभळी पानं म्हणजे गार माती. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण थंड मातीत मुळांना तो उचलता येत नाही, त्याची खूण पानाच्या पाठीवर आणि शिरांवर उमटते. यावर खत घालू नका. दुकानदार स्फुरदाची बाटली हातात ठेवेल, ती परत ठेवा. माती तापली की जांभळा रंग आपोआप जातो.

पांढऱ्या आणि जांभळ्या मिळून सात रोपांची काळजी सोडा. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होणार नाही, पण शेंड्याची नवी पानं चांगली येतील. काळ्या पाचांचं मात्र लगेच काही करू नका. कात्री घेऊन धावू नका. चार-पाच दिवस थांबा, मग नखाने खोड हलकंसं खरवडून बघा. आत हिरवं आणि घट्ट असेल तर पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतील, तेव्हा त्यांच्या वरचा मेलेला भाग छाटा. खोड मातीपर्यंत मऊ, पाणचट झालं असेल तर उपटा. वाचलेलं रोपही दोन-तीन आठवडे मागे पडतं, हे धरून चाला. दुसरं रोप सहज मिळत असेल तर त्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे. माझ्या सासूबाईंना ते पटत नाही, त्या अर्धमेल्या रोपालाही टेकू देतात.

आता ३६चं कोडं. हवामान खात्याचा पारा जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवर, हवेशीर पेटीत मोजलेला असतो. तुमचं रोप त्याच्या बरंच खाली, जमिनीलगत उभं असतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ वर आकाशात सोडत राहतात. गार झालेली हवा जड असते, ती खाली बसते, उताराने सरकून खोलगट भागात साठते. अशा रात्री वरच्या पाऱ्यापेक्षा पानाजवळचं तापमान दोन-तीन अंश सेल्सिअसने सहज कमी भरतं. ३६ फॅरनहाइट म्हणजे जेमतेम दोन अंश सेल्सिअस. त्यातून दोन-तीन वजा करा, हिशेब जुळला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात येते ना, तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. तोच खेळ.

म्हणून मी फोनवर आकडा एकटा बघत नाही. रात्रीचा आकडा ४० फॅरनहाइटच्या खाली, आभाळ मोकळं, वारा नाही, हवा कोरडी, हे चारही जुळले की झाकायचं. ढग असतील किंवा वारा असेल तर तोच आकडा तितका घातक नसतो, कारण ढग पांघरुणासारखे वागतात आणि वारा वरची ऊबदार हवा खाली मिसळत राहतो. दुसरं, तुम्ही तळ्यापासून आत आहात. मिशिगन तळ्याच्या काठावरचे लोक एप्रिलच्या शेवटी निर्धास्त होतात, त्यांच्या रात्री तळ्यामुळे जरा सौम्य असतात. त्यांचं बघून आपण लावायचं नाही. तुमच्याकडे शेवटचं हिम सरासरी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात पडतं, आणि सरासरी म्हणजे सुमारे निम्म्या वर्षांमध्ये ते त्यानंतरही पडतं. इथले जुने लोक मदर्स डे, म्हणजे मेचा दुसरा रविवार, झाल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढत नाहीत. जर्मनीत तर ११ ते १५ मे या दिवसांना ‘हिमसंतांचे’ दिवस म्हणतात, आणि शेवटची ‘थंड सोफी’ होऊन गेल्याशिवाय नाजूक रोपं लावत नाहीत. माझी शेजारीण त्या वंशाची, ती अजून सोफीची वाट बघते. बियांच्या पाकिटावर किंवा नर्सरीत जो झोनचा आकडा असतो तो इथे उपयोगाचा नाही. झोन सांगतो हिवाळ्यात पारा किती खाली जातो ते. शेवटचं हिम कधी, हे त्याला ठाऊक नसतं.

आणि आता तुमचं प्लास्टिक. इथेच सगळं अडलं. आपल्याला वाटतं, पांघरुणाने रोपाला ऊब मिळते. आपल्या अंगाला मिळते, कारण अंग स्वतः गरम असतं. रोपाच्या अंगात ऊब नसतेच. रात्रभर ऊब देते ती माती, दिवसभर उन्हात तापलेली. पांघरुणाचं काम एवढंच की मातीतून वर येणारी ती ऊब आकाशात जाण्याआधी अडवून धरायची. तुम्ही प्लास्टिक बुंध्याशी बांधलंत, लॉलीपॉपच्या काडीला कागद बांधतात तसं. म्हणजे चूल बाहेर राहिली आणि रोप तेवढं पिशवीत गेलं. त्यात पातळ पारदर्शक पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता बरीच आरपार निघून जाते, आणि जिथे ते पानाला टेकतं तिथे पान बाहेरच्या थंडीशी थेट जोडलं जातं. इतकं करण्यापेक्षा जुनी चादर नुसती वरून सोडली असती तरी बरं झालं असतं.

तर झाकायचं असं. चार काठ्या रोवा, किंवा टोमॅटोची तारेची जाळी असेल तर ती उभी करा, आणि त्यावरून जुनी चादर, सोलापुरी असेल तर उत्तमच, तंबूसारखी चहूबाजूंनी जमिनीला टेकेल अशी सोडा. कडांवर विटा ठेवा. चादर पानांना शक्यतो टेकू देऊ नका. महत्त्वाचं म्हणजे सूर्य मावळायच्या आधी झाका, माती तापलेली असतानाच. रात्री दहाला आठवण झाली आणि मग झाकलं, तर तोवर अर्धी ऊब गेलेली असते. सकाळी ऊन वर आलं की काढा. पाऊस येणार असेल तर चादरीवरून वेगळं प्लास्टिक टाका, कारण भिजलेली चादर जड होऊन रोप मोडते आणि गारही पडते. दोन-चारच रोपं असतील तर सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे पाच गॅलनची बादली पालथी घालणं. दिसायला बेंगरूळ, पण मला तिने सर्वांत कमी वेळा दगा दिलाय.

आपल्याकडे कलिंगडावर, टोमॅटोवर पांढरं क्रॉप कव्हर घालतात, तेच न विणलेलं कापड इथेही मिळतं. हलकं कापड एक-दोन अंश सेल्सिअसचा फरक करतं, जाड असेल तर तीन-चारपर्यंत. त्यातून हवा, पाणी आणि बराचसा उजेड जातो, म्हणून ते दिवसाही राहू दिलं तर चालतं. जाड कापड उजेड अडवतं, ते रात्रीपुरतंच. पारा खरोखर शून्याच्या बराच खाली जाणार असेल तर यापैकी एकट्याने काहीच भागत नाही, तेव्हा दोन थर, किंवा सरळ कुंडी उचलून घरात.

चूल मातीची आहे म्हटल्यावर ती नीट पेटवायलाही हवी. थंडीच्या रात्रीआधी दुपारी वाफ्याला पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरते आणि रात्री वर सोडते. निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे विहिरीचं पाणी सोडतात आणि बांधाबांधावर शेकोट्या पेटवतात, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं, म्हणून ते पहाटे चालतं. आपल्या नळाचं पाणी एप्रिलमध्ये बर्फासारखं, म्हणून दुपारीच द्या, पानांवर नको. शेकोटी मात्र नको, शेजारी अग्निशमन दलाला बोलावतील. नाताळच्या दिव्यांची माळ चादरीखाली सोडायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. ती जुन्या तापणाऱ्या बल्बची असेल तरच तिचा उपयोग, आणि ते बल्ब कापडाला टेकले तर कापड जळतं. एलईडी माळ फक्त शोभेची.

पाण्याचीच आणखी एक करामत इथे मिळते, वॉल ओ वॉटर नावाची. प्लास्टिकच्या उभ्या नळ्यांचं गोल कडं, त्या पाण्याने भरायच्या, रोप मध्ये. एका कड्यात साधारण अकरा लिटर पाणी मावतं. गंमत अशी की एक लिटर पाणी दहा अंशांवरून शून्यावर येताना दहा किलोकॅलरी उष्णता देतं, पण त्या शून्यावरच गोठताना आणखी ऐंशी देतं. म्हणजे कड्याच्या भिंतीत बर्फ होत असताना आतलं रोप त्याच बर्फामुळे वाचतं. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या मुलाचाही विश्वास बसला नव्हता, सकाळी उठून त्याने बोट लावून बघितलं. दोन-तीन लवकरची रोपं घ्यायची हौस असेल तर हे कडं रोप लावायच्या आठवडाभर आधी नुसत्या मातीवर उभं करा, माती तापू दे. भरताना आत बादली उभी ठेवून कडं तिच्याभोवती भरा, नाहीतर अर्धवट भरल्यावर ते रोपावर आडवं होतं. बारा रोपांसाठी बारा कडी विकत घ्यायला मी सांगणार नाही.

दुधाच्या रिकाम्या गॅलनचा तळ कापून रोपावर घालणं ही गरिबाची काचघंटा. पॅरिसभोवतीचे भाजीवाले एकोणिसाव्या शतकात खरोखरच्या काचेच्या घंटा रोपांवर पालथ्या घालत असत, रांगाच्या रांगा. आणि घंटेचा धोका थंडीत नसतो, उन्हात असतो. माझी चोवीस रोपं थंडीने गेली नव्हती. मी त्यांच्यावर प्लास्टिकचा बोगदा केला, रात्र सुखरूप गेली, सकाळी दहा अंश होतं म्हणून बोगदा तसाच ठेवून कामावर गेले. ऊन पडलं. संध्याकाळी परत आले तर आत अक्षरशः भाजी शिजली होती. बाहेर हवा गार असली तरी बंद प्लास्टिकखाली उन्हात तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातं. म्हणून गॅलनचं झाकण सकाळी उघडायचं, बोगद्याची तोंडं मोकळी करायची. घरी कुणी नसणार असेल तर प्लास्टिक वापरूच नका, कापड वापरा.

इतकं सगळं सांगून झाल्यावर खरं सांगते, हे दरवर्षी करावं लागणं हेच चुकीचं. हिमाने न मेलेलं रोपही गार मातीत नुसतं उभं राहतं. रात्री दहा अंशांच्या खाली राहिल्या की टोमॅटो वाढायचं थांबतो. मुळं सरकत नाहीत, पानं पिवळट-जांभळी पडतात, आणि तेव्हा तयार होत असलेल्या कळ्यांची फळं पुढे वाकडीतिकडी, तळाशी खडबडीत शिवण पडलेली येतात. तेरा अंशांखालच्या रात्रींत फूल आलं तरी बहुधा गळतं. माझ्याकडे एका वर्षी २५ एप्रिलला झाकून-झाकून वाढवलेली चार रोपं होती आणि १८ मेला लावलेली बाकीची. जूनच्या शेवटी कुठली कुठली ते मला पाट्या वाचून ओळखावं लागलं.

म्हणून हवेचं तापमान बघण्याआधी मातीचं बघा. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर घ्या, वाफ्यात चार इंच, दहा सेंटीमीटर, खोल खुपसा, सकाळी आठच्या सुमारास. तीन-चार दिवस ओळीने १५-१६ अंश सेल्सिअस, म्हणजे साठ फॅरनहाइट, दिसलं आणि पुढच्या आठवड्यातल्या रात्री दहा अंशांच्या खाली जात नसतील, तर लावा. वाफसा आला नसेल, म्हणजे माती खणण्याइतकी सुकली नसेल, तर तिच्यात हातही घालू नका. इथली काळी चिकणमाती ओली असताना खणली की वर्षभर ढेकळं फोडत बसावं लागतं. माती लवकर तापवायची असेल तर गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा, करा आणि त्यावर दोन आठवडे काळा मल्चिंग पेपर (आच्छादनाचं प्लास्टिक) मातीला घट्ट चिकटवून अंथरा, हवा राहिली तर काळा रंग नुसताच तापतो, माती नाही. गवताचं, पेंढ्याचं आच्छादन मात्र जूनपर्यंत घालू नका. उन्हाळ्यात तेच वरदान, पण वसंतात ते मातीला गार ठेवतं आणि रात्री तिची ऊबही वर येऊ देत नाही.

रोपं बाहेरच्या जगाला सरावू द्यायलाही आठ-दहा दिवस हवेत. याला आपले शेतकरीही आता हार्डनिंगच म्हणतात. पहिले दोन दिवस भिंतीच्या सावलीत तासभर, मग सकाळचं कोवळं ऊन, मग दुपारचं, वेळ रोज वाढवत. वाऱ्यालाही सवय लागते, इथला वारा रोप पिळवटून काढतो. या काळात पाणी थोडं कमी, खत बंद. पांढरे चट्टे पडलेल्या तुमच्या चार रोपांना हेच मिळालं नव्हतं.

घरातल्या रोपांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत ती लांबुडकी, पांढुरक्या खोडाची दिसतायत. खिडकीतला उजेड मार्चमध्ये पुरत नाही. पुढच्या वर्षी साधा एलईडीचा पट्टा शेंड्याच्या वर आठ-दहा सेंटीमीटरवर टांगा, चौदा-सोळा तास चालू, रात्री बंद. बी उगवेपर्यंत ऊब लागते, २१ ते २७ अंश, पण उगवल्यावर नाही. उगवलेलं रोप गरम जागी आणि कमी उजेडात ठेवलं की ते धावत सुटतं. कोकोपीट सतत ओलं आणि खोली गार असेल तर रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात, तो मर रोग. वरचा थर सुकू द्या, पाणी ट्रेच्या तळातून द्या, छोटा पंखा हळू फिरू द्या. आणि बी फार लवकर टाकू नका, लावायच्या सहा ते आठ आठवडे आधी पुरे. मेच्या मध्यावर लावायचं तर मार्चचा शेवटचा पंधरवडा. फेब्रुवारीत टाकलेलं बी एप्रिलमध्ये कुंडीत मावत नाही, आणि मग मावत नाही म्हणून आपण ते बाहेर काढतो.

लांबुडकं रोप लावायची एक चांगली रीत आहे. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात म्हणून लोक खोल खड्डा करतात, पण खोलवरची माती मेमध्येही गारच असते. त्यापेक्षा चार इंचांची उथळ चरी काढा, खालची पानं काढून रोप आडवं निजवा, शेंडा तेवढा हळूच वर वळवा. दोन दिवसांत तो आपणहून सरळ उभा राहतो, आणि सगळं खोड तापलेल्या वरच्या थरात मुळं धरतं. काठी कुठे ठोकायची ते आधीच ठरवा, नाहीतर नंतर ती नेमकी गाडलेल्या खोडात जाते.

तोवर हात रिकामे नको असतील तर पालक, मेथी, मुळा, कोथिंबीर, वाटाणा टाका. त्यांना एप्रिलची थंडी सोसते, उलट उन्हाळ्यात ती लगेच फुलावर येतात. वांगी आणि मिरची टोमॅटोहून नाजूक, त्यांना आणखी आठवडा-दोन आठवडे थांबवा. भेंडी, गवार जूनच्या तोंडावर. तुळस तर दहा अंशांखालच्या एका रात्रीत काळी पडते, आणि घरात त्यावरून जे बोलणं ऐकावं लागतं ते टोमॅटो गेल्यावर लागत नाही. तिची कुंडी जूनपर्यंत रोज संध्याकाळी आत.

पाच काळ्या रोपांपैकी कितींना फुटवा येतो ते रविवारपर्यंत कळेल. जितकी जातील तितकी माझ्याकडून घ्या, अर्ली गर्ल आणि स्टुपिस या दोन्ही लवकर येणाऱ्या जातींची आहेत, आपल्या थोडक्या उन्हाळ्याला बऱ्या. मदर्स डे झाल्यावर या, आणि येताना दुधाचे रिकामे गॅलन घेऊन या, माझे संपलेत.